वाळवणाचे पैसे, स्पितीचे लाकूड

यंदाच्या एप्रिल आणि मे महिन्यांत आमच्या महिला मंडळाने ६३ किलो कुरडया, ४१ किलो मूगवड्या आणि कोणी नीट न मोजलेल्या सांडग्या मिरच्या विकल्या. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर वाळलेल्या या मालाचे पैसे हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, एका लहानशा भिक्षुणी विहारात जातात आणि तेथे त्यांचे जळाऊ लाकूड होते. हा उद्योग करायला लागून आठ वर्षे झाली. मी बँकेतून निवृत्त झाल्यामुळे मंडळाची वही आपोआप माझ्याकडे आली आणि ती अजून माझ्याकडेच आहे. अशी मदत करू इच्छिणाऱ्या इतर गावांतील मंडळींकडून अधूनमधून विचारणा होते, म्हणून आमचे काय चुकले आणि काय जमले हे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

त्या विहाराचे आणि गावाचे नाव मी येथे देणार नाही. तेथील ज्येष्ठ भिक्षुणींनी तशी विनंती केली आहे, कारण एका पर्यटकाने त्यांच्या अंगणाची चित्रफीत टाकल्यापासून उन्हाळ्यात मोटारसायकलींच्या रांगा थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागल्या होत्या.

आमची ओळख योगायोगाने झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या आमच्या विहारातील आम्ही अकरा जण स्पितीतील ताबो पाहायला गेलो होतो. ताबोचा विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला आणि त्यानंतर हजारांहून अधिक वर्षे तेथील उपासना चालू राहिली. बाहेरून पाहिले तर मातीच्या ढिगासारखी दिसणारी ती वास्तू आत मात्र भित्तिचित्रांनी भरलेली आहे. अजिंठा आपल्या घरचा असल्यामुळे आम्ही थोड्या तोऱ्यातच गेलो होतो आणि बाहेर येताना गप्प होतो. चंदीगडहून बसने रिकाँग पिओ आणि तेथून नाको, सुमदो करत ताबो असा आमचा मार्ग होता. पुढे स्पितीचे मुख्य गाव असलेल्या काझ्याकडे जाताना आमच्या भाड्याच्या गाडीचा पाटा तुटला आणि दुसरा येईपर्यंत दोन रात्री आम्हाला एका गावात काढाव्या लागल्या. गावातील लोकांनी पुरुषांना घराघरांत वाटून घेतले आणि आम्हा सहा बायकांना विहारात पाठवले.

तेथे १९ जणी होत्या. सर्वांत लहान ११ वर्षांची आणि सर्वांत मोठ्या बाईंना स्वतःचे वय ठाऊक नव्हते. स्पितीत भिक्षुणीला चोमो म्हणतात. बाहेरचे लोक आनी म्हणतात, आणि आनी म्हणजे आत्याही, हे कळल्यावर आमच्यातल्या एकीला फार बरे वाटले होते. अलीकडे मात्र पुष्कळ शिकलेल्या भिक्षुणी त्सुन्मा हा अधिक मानाचा शब्द पसंत करतात, असे आम्हाला नंतर समजले. सकाळी त्यांनी आमच्यासमोर जे पीठ ठेवले ते पाहून आम्हाला ओळख पटायला क्षणही लागला नाही. भाजलेल्या जवाचे ते पीठ, ज्याला त्या त्साम्पा म्हणतात, म्हणजे आपले सातूचे पीठच होते. आपण त्यात गूळ कालवतो आणि त्या खारट, लोणी घातलेला चहा ओततात.

त्या संध्याकाळी आम्ही त्रिसरण म्हटले. आमचे पालीतील "बुद्धं सरणं गच्छामि" संपल्यावर त्यांनी "सांग्ये ला क्याब-सू ची" असे त्यांच्या भाषेतील शरणगमन म्हटले. अर्थ तोच असला तरी चाल अगदी निराळी होती. आम्ही एकमेकींच्या चालीत सूर मिसळण्याचा प्रयत्न केला आणि तो इतका फसला की अकरा वर्षांची ती मुलगी हसता हसता खाली बसली.

स्पितीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण ते समजल्याशिवाय पुढचा हिशेब समजणार नाही. लाहौल आणि स्पिती हा जिल्हा १३ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ३१,५६४ होती, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम दोन माणसे. पावसाचे ढग दक्षिणेकडच्या डोंगररांगांवरच अडत असल्यामुळे जंगल जवळपास नाही. शेती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर होते. ते पाणी कूल नावाच्या पाटांनी मैलोन्मैल आणतात. जव हे घरात खायचे पीक आणि हिरवा वाटाणा हे पैशाचे पीक. मैदानी प्रदेशात वाटाणा नसतो त्या दिवसांत स्पितीचा वाटाणा बाजारात येतो, म्हणून त्याला भाव मिळतो. हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या खाली उतरतो आणि पाच महिने शेत, रस्ता, नळ असे सगळेच गोठलेले असते.

परंपरेने घर आणि जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्या मुलांना गोम्पात, म्हणजे भिक्षूंच्या विहारात, पाठवीत. त्यामुळे मोठमोठ्या गोम्पांना गावांचा, धान्याचा, पूजेच्या आमंत्रणांचा आधार राहिला. मुलगी चोमो झाली तर बहुधा ती घरीच राही, केस कापून भावाच्या शेतात राबे, गुरे पाही आणि उरलेल्या वेळात जप करी. तिच्यासाठी वेगळा विहार, वेगळा शिक्षक, वेगळे धान्य अशी व्यवस्थाच नव्हती. स्पितीतील भिक्षुणींचे विहार गेल्या काही दशकांत उभे राहिले आणि म्हणूनच त्यांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दाते नाहीत. घरात मृत्यू झाला, नवे घर बांधले, तर विधीसाठी लामांना बोलावतात आणि दक्षिणा त्यांनाच मिळते. भिक्षुणी आजही वाटाण्याच्या तोडणीला माहेरच्या शेतावर जातात. अभ्यासाचे सर्वांत चांगले दिवस त्यातच निघून जातात.

हे ऐकताना आमच्या मनात बुद्धांच्या मावशीची, महाप्रजापती गौतमीचीच कथा घोळत होती. संघात प्रवेश मिळवण्यासाठी कपिलवस्तूपासून वैशालीपर्यंत पायी जाऊन दाराशी उभी राहिलेली ती बाई आमच्या मंडळात दर वर्षी कोणीतरी भाषणात आणतेच. दाराशी उभे राहणे म्हणजे काय, हे त्या दोन रात्रींत प्रत्यक्ष दिसले. तिबेटी परंपरेत पुरुषांना मिळणाऱ्या गेशे या पदवीच्या तोडीची गेशेमा ही पदवी तिबेटी व हिमालयातील स्त्रियांना पहिल्यांदा मिळाली ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये, कर्नाटकातील मुंडगोड येथे, २० भिक्षुणींना. दलाई लामांच्या हस्ते झालेल्या त्या समारंभाचे एक छायाचित्र त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या धुराने पिवळे होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगलेले होते.

परत आल्यावर आम्ही उत्साहाने कामाला लागलो आणि पहिल्याच वर्षी जवळजवळ सगळे चुकले.

आपल्याकडे दानाचा काळ म्हणजे वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन असते, बायका रोज येतात, दानपेटी फिरते, शेवटी चीवरदान, म्हणजे भिक्षूंना वस्त्रांचे दान, होते. आम्हीही त्याच रीतीने उरलेल्या वर्षावासात पैसे आणि कपडे गोळा केले आणि ऑक्टोबरच्या मध्याला ३८,४०० रुपये रोख आणि १४ पोती माल जमवून बसलो. पोत्यांत काय नव्हते? सुती साड्या होत्या, शाळेचे गणवेश होते, एकाने लग्नातील शेरवानी दिली होती. माल एका वाहतूक कंपनीमार्फत मनालीला पाठवला, आणि तो तेथे पोहोचेपर्यंत तेथून स्पितीत नेणाऱ्या रस्त्यावरील कुंझुम खिंड बर्फाने बंद झाली. साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली ही खिंड वर्षातून निम्म्याहून अधिक काळ बंद असते, ही माहिती शाळेतल्या मुलालाही नकाशावरून काढता आली असती. पोती गोदामात राहिली. पुढच्या जूनमध्ये ती विहारात पोहोचली तेव्हा उंदरांनी अर्धे कपडे कुरतडलेले होते, आणि वाहतूक व गोदाम मिळून ११,६०० रुपये, म्हणजे जमलेल्या पैशांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा, खर्च झाला होता.

येथे एक खुलासा करते. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून अनेकांना वाटते की आता स्पितीचा हिवाळ्यातील प्रश्न मिटला. नऊ किलोमीटरांचा हा बोगदा रोहतांग खिंडीखालून लाहौलमध्ये नेतो. लाहौल आणि स्पिती यांच्या मध्ये कुंझुम तशीच उभी आहे. हिवाळ्यात स्पितीला जायचे तर शिमला, किन्नौर असा लांबचा रस्ताच धरावा लागतो आणि दरडी कोसळल्या की तोही बंद होतो.

कपड्यांच्या बाबतीत आमचे डोळे उघडले ते नागपुरातच. आपल्याकडे दर हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटरांचा बाजार भरतो. त्यांतील काही कुटुंबे गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतून येतात. बहुतेक स्वेटर मात्र लुधियानाचे असतात, हे विकणाऱ्या बायका स्वतःच सांगतात. मी एका ओळखीच्या विक्रेत्या बाईंकडे भिक्षुणींसाठी घाऊक भावात वीस स्वेटर मागितले. त्यांनी कुठे पाठवणार ते विचारले आणि स्पितीचे नाव ऐकून हसल्या. तेथे घरोघरी लोकर असते, बायका हिवाळाभर विणतात, तेथे स्वेटर पाठवणे म्हणजे नागपूरला संत्री पाठवणे, असे त्यांचे म्हणणे होते. धंद्याचे नुकसान करून दिलेला हा सल्ला मी विसरलेली नाही.

दुसऱ्या वर्षी काही गोळा करण्याआधी आम्ही फोन केला. "आनीजी, काय पाठवू?" असे विचारले की त्या म्हणत, "कुछ नहीं चाहिए, आप लोग आओ." तीन वेळा हेच झाले. ही त्यांची रीत आहे. यजमानाने तीनदा विचारल्यावरही चहा नको म्हणणारी माणसे आपल्याकडेही आहेत. चौथ्या वेळी मी प्रश्न बदलला आणि गेल्या हिवाळ्यात सर्वांत आधी काय संपले, ते विचारले. उत्तर लगेच आले: लाकूड. डिसेंबरअखेर लाकूड संपले, जानेवारीत १९ जणी एकाच खोलीत झोपल्या, आणि शिक्षक पगार न मिळाल्यामुळे नव्हे तर थंडीमुळे निघून गेले, पण पगारही तीन महिन्यांचा बाकी होता.

आमच्या सगळ्या उद्योगाचे वळण त्या एका फोनवर ठरले. खोलीच्या मधोमध पत्र्याची चूल असते, तिचे धुराडे छतातून बाहेर काढलेले असते, आणि तिला त्या तंदूरच म्हणतात. दोन तंदूर पाच महिने चालवायचे तर सुमारे ६० क्विंटल लाकूड लागते, असा त्यांचा अंदाज आहे. गुरांच्या शेणाच्या गोवऱ्या असतात, पण त्या पुरत नाहीत. लाकूड खालच्या भागातून ट्रकने येते, ते सप्टेंबरमध्ये घेऊन, फोडून, रचून ठेवावे लागते. म्हणजे पैसे ऑगस्टपर्यंत हातात हवेत. आमच्या वर्षावासाचे पैसे नेमके त्यानंतर जमत होते. दानाचा आमचा काळ आमच्या पावसाळ्यावर बेतलेला होता आणि त्यांची गरज त्यांच्या बर्फावर.

वाळवणाची कल्पना यातून निघाली. उन्हाळ्यात नागपुरातल्या घरोघरी बायका तसेही वाळवण करतात, नोकरी करणाऱ्या सुनांना ते विकत हवे असते, आणि त्याचे पैसे जूनपर्यंत हातात येतात. कुरडया, ज्यांना आमच्याकडे कुरोड्या म्हणतात, हे सर्वांत कष्टाचे काम. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे चार वाजता शिजवायला घ्यायचा, म्हणजे सूर्य वर येईपर्यंत सोऱ्यातून घालून होतात. चीक शिजताना तो हलवणाऱ्या बाईने हात थांबवला की गाठी होतात, म्हणून दोघी पाळीपाळीने उभ्या राहतात. त्या वेळी होणाऱ्या गप्पांत मंडळाचे सगळे निर्णय होतात. सभेत फक्त सह्या होतात.

विरोध झालाच नाही असे नाही. विहारातील एक ज्येष्ठ निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो, यांनी सभेत उभे राहून स्पष्ट विचारले की बाबासाहेबांनी १९५६ मध्ये याच शहरात आपल्याला बावीस प्रतिज्ञा देऊन कर्मकांडातून बाहेर काढले, मग आपण घामाचे पैसे लोण्याच्या दिव्यांना आणि जपाच्या चक्रांना का पाठवायचे. प्रश्न चुकीचा नव्हता. देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत, अशी २०११ च्या जनगणनेची आकडेवारी आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांचा बुद्ध हा विवेकाचा, समतेचा बुद्ध आहे. हिमालयातील बौद्ध परंपरा वेगळ्या वाटेने आली आहे, तिच्यात देवता आहेत, विधी आहेत, पुनर्जन्म घेणारे लामा आहेत. हा फरक झाकून "आपण सगळे एकच" असे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. सभेत उत्तर मात्र मी दिले नाही. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी दिले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, थंडी का चिवराचा रंग पाहून वाजते?"

गुरुजी बसले, पण अट घालून बसले. मंडळाचा पैसा पूजेच्या साहित्यावर खर्च होणार नाही, आणि दर वर्षीचा हिशेब ते स्वतः तपासतील. ती अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. खरे सांगायचे तर ती तंतोतंत पाळता येत नाही, कारण आमच्या लाकडाने जी खोली गरम होते तिच्याच कोपऱ्यात लोण्याचा दिवा तेवत असतो. गुरुजींनाही हे ठाऊक आहे. ते लाकडाच्या पावतीवर बरोबरची खूण करतात आणि पुढचे पान उलटतात.

कायद्याची बाजू अनेक लहान मंडळे सोडून देतात, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहिते. महाराष्ट्रात नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या कोणालाही सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवातील मंडळे ती दर वर्षी घेतात. आमचा विहार नोंदणीकृत असल्यामुळे आम्ही त्याच्याच खात्यातून व्यवहार करतो, त्याच्याच पावत्या फाडतो. पैसे रोख नेत नाही. स्पितीतील विहाराची संस्था नोंदणीकृत आहे, काझ्यातील बँकेत तिचे खाते आहे, त्यात ते थेट जमा होतात. देणगीवरील आयकर सवलत, जिला लोक ८०जी म्हणून ओळखतात, विचारणारे थोडे असतात. त्यांना मी आधीच सांगते की दोन हजारांवरील रोख देणगीला ती मिळत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग परदेशातून पैसे येऊ लागले तेव्हा आला. मंडळातील एकीचा भाऊ अमेरिकेत असतो, त्याने एकदम पन्नास हजार देऊ केले. तो आता अमेरिकेचा नागरिक असल्यामुळे त्याचे पैसे परकीय अंशदान ठरतात आणि त्यासाठी लागणारी केंद्र सरकारची नोंदणी आमच्या विहाराकडे नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नातेवाइकाने बँकेमार्फत स्वतःची बचत पाठवली तर ती चालते, हा भेद समजावून सांगताना माझी अर्धी दुपार गेली. भाऊ नाराज झाला, बहीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पन्नास हजार म्हणजे तेव्हा आमचे जवळजवळ वर्षाचे उत्पन्न होते, त्यामुळे नाही म्हणताना मलाही जड गेले.

दुसरा नकार त्याहून गाजला. एका ओळखीच्या कंत्राटदारांनी पाच फुटांची बुद्धमूर्ती देण्याची तयारी दाखवली, खाली त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावाची पाटी असावी एवढीच इच्छा होती. मी फोनवर विचारले. पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग आनीजी म्हणाल्या, "मूर्ती है हमारे पास. मूर्ती को ठंड नहीं लगती." कंत्राटदारांना हे कसे सांगावे हे सुचेना, म्हणून मी त्यांना शिक्षकाच्या सहा महिन्यांच्या मानधनाचा पर्याय दिला. मानधनावर पाटी लावता येत नाही, त्यामुळे तो त्यांना रुचला नाही. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. मूर्ती शंभर वर्षे दिसते आणि लाकूड मार्चपर्यंत राख होते. दिसणाऱ्या वस्तूसाठी पैसे मागणे सोपे असते. पण लाकडाची, पगाराची, चष्म्याची गरज दर वर्षी पुन्हा उभी राहते, आणि लहान मंडळाला झेपते ती नेमकी हीच गरज, कारण वर्षाला ५० किलो कुरडया करण्याची सवय आम्हाला लागलेलीच आहे.

मध्यंतरी तरुण मंडळींनी एक युक्ती काढली होती. स्पितीतील हिक्किम या गावी सुमारे ४,४०० मीटर उंचीवर टपाल कार्यालय आहे, १९८३ पासून. आमच्या वस्तीतील चार मुले मोटारसायकलीवर तिकडे जाणार होती. जो २०० रुपये देईल त्याला हिक्किमचा शिक्का असलेले पोस्टकार्ड येईल, असे त्यांनी जाहीर केले आणि १४० जणांनी पैसे दिले. मुलांनी पत्ते शाईच्या पेनाने लिहिले, वाटेत पावसाने पिशवी भिजली, आणि २३ कार्डांवरील पत्ते वाचता येण्यासारखे राहिले नाहीत. त्या २३ जणांचे फोन मला चार महिने येत होते. तुमच्या २०० रुपयांचे काय झाले हे सांगितले तर ते ऐकून घेत आणि मग विचारत, "ते ठीक आहे ताई, पण कार्ड?"

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे विक्री झाली नाही. केलेले वाळवण वस्तीतच वाटले, कारण आमच्याच गल्लीत हातावर पोट असलेली कुटुंबे बसून होती. मंडळाची भिशी त्या वर्षी जिला लागली तिने अर्धी रक्कम लाकडासाठी दिली. तिचे नाव लिहू नये असा तिचा हट्ट आहे.

२०२३ च्या जुलैमध्ये हिमाचलात जी अतिवृष्टी झाली तिचा फटका स्पितीलाही बसला. बातम्यांत चंद्रताल सरोवरापाशी अडकलेले पर्यटक दिसत होते. आम्हाला चिंता छताची होती. तेथील घरे मातीची आणि छते सपाट असतात. तुळयांवर वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या काटक्या अंथरून वर मातीचा जाड थर देतात. वर्षभरात थोडाच पाऊस पडतो आणि बर्फ फावड्याने खाली लोटता येते, या हिशेबावर ते छत उभे असते. सलग पाऊस झाला की माती भिजून थेट अंथरुणावर गळते. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून फोन केला आणि लाकडाचे पैसे छताला वापरू का, असे विचारले. पैसे त्यांचेच होते, विचारण्याची गरज नव्हती, पण त्यांनी विचारले आणि नंतर मजुरीच्या पावत्याही पाठवल्या. मंडळातल्या काहींनी छतावर पत्रे टाकण्याचा सल्ला दिला. पत्र्याखाली हिवाळ्यात काय होते ते त्यांना ठाऊक असणार, म्हणून मी तो पुढे कळवला नाही.

यंदा एकूण १,०५,००० रुपये जमले. वाळवणाचे साधारण ४४ हजार, महिन्याला ५० रुपये देणाऱ्या साठ जणींचे ३६ हजार आणि उरलेले सुट्या देणग्यांचे. त्यातून अर्ध्याहून थोडे अधिक लाकडाला गेले, ३० हजार शिक्षकाच्या सहा महिन्यांच्या मानधनाला आणि बाकीचे औषधे व चष्म्यांना. २०१७ मध्ये ११ वर्षांची असलेली मुलगी आता दुसऱ्या राज्यातील मोठ्या भिक्षुणी विहारात पुढचे शिक्षण घेते आहे. गेशेमा होण्यासाठी अनेक वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर चार वर्षांची परीक्षा असते, त्यामुळे तिची पदवी पाहायला आमच्यातल्या किती जणी असतील हे सांगता येत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेले होते. बरोबर आमच्या कुरडयांचे एक पुडके नेले, कारण ज्या वस्तूवर त्यांचा हिवाळा निघतो ती त्यांनी एकदा खाऊन पाहावी असे मंडळाचे म्हणणे होते. मी अंघोळ करून येईपर्यंत त्यांनी पुडके फोडून कुरडया मोडल्या होत्या आणि उकळत्या थुक्पात, म्हणजे त्यांच्या सुपात, शेवयांसारख्या टाकल्या होत्या. तेलात टाकून फुलवण्यासाठी पहाटे चारपासून उभे राहून केलेल्या त्या कुरडया पातेल्यात मऊ पडून तरंगत होत्या. मी काही बोलले नाही. वाडग्यात वाढल्यावर खाल्ल्या, आणि त्या चांगल्या लागल्या, हे घरी येऊन सांगितल्यावर मंडळात कोणाचाही विश्वास बसला नाही.

पुढच्या हिवाळ्याची यादी परवा फोनवर आली. शिक्षिकेच्या हस्ताक्षरातील हिंदीत लाकूड, मानधन, दोन चष्मे, गुडघ्याच्या दुखण्याचे मलम असे नेहमीचे सगळे आहे. सर्वांत खाली वेगळ्या शाईने एक ओळ वाढवलेली आहे: "थुक्पा वाली कुरडई, २ किलो."